लाल ठिपक्याच्या थाळ्या

२६ नोव्हेंबर, बुधवार

पायल काय बोलून गेली आज! आणि किती सहज!

कॉलेजात संविधान दिन. उद्देशिका वाचून झाली, मग सगळ्यांना मसालेभात आणि मठ्ठा. थाळ्या आपल्याच, थाळी बँकेच्या. सकाळी आईने क्रेट भरून दिले, मी ऑटोत टाकून नेले. वाढायला सुरुवात झाली तशी पायलने क्रेटमध्ये डोकं घातलं. ही आमच्या हरित मंडळातली सगळ्यात चपळ पोरगी, रोज तांड्यावरून एसटीने येते. म्हणाली, ‘मॅडम, लाल ठिपक्याच्या नाही आणल्या का? ह्या पुरणार नाहीत.’

‘कसले लाल ठिपके?’

तिने क्रेटमधून डोकं वर काढलं. मग हळूच, ‘तुम्हाले माहीत नाही? काही थाळ्यांच्या बुडाशी ठिपका असते ना. त्या गावातल्या लग्नाले जातात. बिनठिपक्याच्या तुमच्या नगरात, विहारात. आम्ही पोरं तसंच भरतो. आम्हाले वाटलं तुम्हीच ठरवलं.’

मी हसले. काहून हसले, मलाच माहीत नाही.

घरी आले तर आई शेजारी गेलेली. समोरच्या खोलीत रॅकपुढे मांडी घालून बसले आणि एकेक थाळी उलटी करून पाहिली. डावीकडच्या रॅकवर — ठिपका, ठिपका, ठिपका. नेलपॉलिशचा. उजवीकडच्या सगळ्या कोऱ्या.

माझ्या घरात! बाबासाहेबांच्या फोटोखाली!

आई आली तेव्हा विचारलं. पदराने हात पुसत म्हणाली, ‘पाह्यले मी ठिपके. तुमच्या कॉलेजाचंच काही असन म्हणून नाही विचारलं.’ आणि चुलीकडे — म्हणजे गॅसकडे. ती अजून चूलच म्हणते — वळली.

आई धुते, पुसते, लावते, देते, परत घेते. मी फक्त भाषणं करते. म्हणून मला दिसलं नाही. तीन वर्षांत एकदाही थाळी उलटी करून पाहिली नाही मी.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

झोप नाही. लाल रंग कुठे पाहिला, ते पहाटे आठवलं. सुरभीच्या नखांवर.

नाही. असं नको.

पण ही बँक दोघींचीच तर आहे. गॅदरिंगच्या दुसऱ्या दिवशी मैदानामागे थर्माकोलच्या ढिगात एक गाय तोंड घालून उभी होती. मी वनस्पतीशास्त्र शिकवणारी, ती गृहअर्थशास्त्र. दोघी गायीला हाकलायला गेलो आणि परत येताना रस्त्यातच ठरवलं. स्टीलच्या थाळ्या जमवायच्या, दिग्रसमध्ये कोणाचंही लग्न असो, बारसं असो, तेरवी असो, फुकट द्यायच्या. घरोघर गेलो होतो. माझ्या नगरात ती माझ्यासोबत, तिच्या सासरच्या गल्लीत मी तिच्यासोबत. तिच्या गल्लीत थाळ्या भरभरून मिळाल्या, पाणी कोणी विचारलं नाही. तेव्हा म्हटलं, उन्हाळा आहे, नळाला पाणी नसेल.

किती सोयीचं सुचतं आपल्याला.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

विचारलं.

स्टाफरूममध्ये नाही, मागे खतखड्ड्याजवळ. होस्टेलचा ओला कचरा तिथं टाकतो आम्ही, तिकडे कोणी फिरकत नाही.

‘सुरभी, थाळ्यांवर ठिपके तू लावलेस?’

ती दचकली. दचकली म्हणजे तिला प्रश्न कळला! कसले ठिपके, असं तिने विचारलंच नाही.

‘मी नाही लावले.’

‘मग कोणी?’

ती खड्ड्यातल्या केळीच्या सालांकडे बघत राहिली.

‘तुला माहीत होतं?’

‘हो.’

‘कधीपासून?’

‘गौरी-गणपतीपासून.’

‘आणि तू मला सांगितलं नाहीस. माझ्यासोबत रोज डबा खातेस, सुरभी! माझ्या डब्यातली भाजी खातेस!’

ती म्हणाली, ‘मला नाही सांगता येत. प्लीज.’

मी तिच्या हातांकडे बघितलं. तिनेही बघितलं. नखांवर तोच लाल. मग ती ताठ झाली. ‘तुला तसं वाटत असेल तर तसं समज,’ म्हणाली आणि गेली. तिच्या पायाला ओला कचरा लागला होता, तशीच गेली.

तिचे चुलत सासरे विठ्ठलराव त्यांच्या समाजाचे अध्यक्ष. गौरीचं मोठं जेवण त्यांच्याच घरी असतं. आता सगळं जुळतं. घरच्यांनी सांगितलं असेल, सुनेने ठिपके लावले असतील. आणि वर माझ्यासोबत ‘हरित दिग्रस’चे फलक रंगवले!

३० नोव्हेंबर, रविवार

आईला सांगितलं, सुरभीनेच केलं. आई लसूण सोलत होती. सोलायची थांबली. ‘तिनं कबूल केलं?’

‘तोंडाने नाही. पण मला कळतं.’

‘असं कोणावर नाव घेऊ नये, साधना.’

चिडले मी. ‘तुझं नेहमीचंच! कोणी थोबाडीत मारली तरी तू म्हणशील, त्याचा हात दुखला असेल!’

आईने लसूण तसाच ठेवला. जेवलीही नाही नीट.

२ डिसेंबर, मंगळवार

सुरभी माझ्या बाजूची खुर्ची सोडून बसते. नखं कोरी केली आहेत तिने.

६ डिसेंबर, शनिवार

संध्याकाळी विहारात मेणबत्त्या. आई आली नाही. पाय दुखतात म्हणाली. इतक्या वर्षांत सहा डिसेंबरला आई घरी राहिलेली मला आठवत नाही. बाबा गेले त्या वर्षीसुद्धा आली होती.

९ डिसेंबर, मंगळवार

रसायनशास्त्राच्या लॅबमधून ॲसिटोन आणलं. पायलला बोलावलं, दोघी ओट्यावर बसलो, जुनी ओढणी फाडून बोळे केले. एक पुसणारी, एक धुणारी. थाळी घ्यायची, उलटी करायची, पुसायची. बोळे गुलाबी होत गेले. वासाने डोकं जड झालं.

आईला म्हटलं, हात लाव. ती म्हणाली, ‘मले त्या वासानं मळमळते.’ आत जाऊन बसली.

पायल मध्येच म्हणाली, ‘मॅडम, एक विचारू? आमच्या तांड्यावरच्या कार्यक्रमाले कोणत्या आल्या असत्या?’

‘म्हणजे?’

‘ठिपक्याच्या का बिनठिपक्याच्या?’

मग लक्षात आलं, तांड्यावरून कधी मागणीच आली नाही. तिला म्हटलं तसं.

‘नाहीच मागतल्या,’ ती म्हणाली. ‘माय म्हणे, कोणत्या देतील ते पाहूनच कळन आपण कोण आहो ते. त्यापेक्षा प्लास्टिक बरं.’

पोरीने हे इतकं शांतपणे सांगितलं! हात थांबला नाही तिचा. मी किती परिसंवादांत सांगत फिरले, लोकांना सवय लावली पाहिजे, जनजागृती केली पाहिजे. प्लास्टिक बरं!

संध्याकाळपर्यंत सगळ्या थाळ्या एक झाल्या. डावा रॅक, उजवा रॅक मिसळून लावले. आता मलाच सांगता येणार नाही कोणती कोणाकडे गेली होती.

१३ डिसेंबर, शनिवार

पुढच्या रविवारी कॉलेजचा शून्य कचरा मेळावा. गावातले बचत गट, शेतकऱ्यांचे सेंद्रिय भाजीचे गाळे, सायकल फेरी, कापडी पिशव्या, आणि दुपारी सगळ्या गावाला रोडगे-वांग्याची भाजी. यवतमाळहून पाहणी समिती येणार. प्राचार्य सर तर आत्तापासूनच घामाघूम, एवढ्या थंडीत.

मी त्यांना ठिपक्यांचं सांगितलं. आता पुसले आहेत, आणि मेळाव्यात हे माइकवरून सांगायचं आहे.

सरांनी चष्मा काढून पुसला. ‘पुसले ना? मग झालं. सांगता कशाला?’

‘न सांगता जेवायला घातलं तर फसवणूक होईल, सर. आणि ठिपका तसाच राहील — डोक्यात.’

‘मॅडम, कार्यक्रम पर्यावरणाचा आहे.’

‘हो. म्हणूनच.’

सुरभी दाराशी उभी होती, मेळाव्याच्या स्वयंपाकाचं विचारायला आलेली. सगळं ऐकलं तिने. स्वयंपाकाचं न विचारताच परत गेली.

२१ डिसेंबर, रविवार

लिहिते. लिहिल्याशिवाय डोकं शांत होणार नाही.

सकाळ इतकी छान गेली! सायकल फेरीत एवढी पोरं. भाज्यांच्या गाळ्यांवर गर्दी. एका म्हाताऱ्याने अंबाडीची भाजी आणली होती, हातोहात गेली. समितीतल्या बाईंनी आमचा सांडपाण्याचा वाफा पाहिला. थाळ्या धुतलेलं पाणी कर्दळीला जातं ते. त्यांनी त्याचे फोटो काढले. मी खूश होते. खरंच खूश होते, हे लिहून ठेवते.

मैदानावर पंगती मांडल्या. रोडग्यांचा वास सुटलेला. मी माइक घेतला. आधी पाठ केलं होतं, ते सगळं विसरले. एवढंच बोलले — ‘आपल्या थाळी बँकेत काही महिन्यांपासून दोन प्रकारच्या थाळ्या होत्या. एका घरच्या वेगळ्या, दुसऱ्या घरच्या वेगळ्या. कोणी केलं ते मी विचारत नाही. आम्ही खुणा पुसल्या. समोर आहेत त्या थाळ्यांत सगळं गाव जेवलेलं आहे. इथून पुढेही जेवेल. बसा सगळे.’

टाळ्या वाजल्या. आमच्या नगरातल्यांनी वाजवल्या, पोरांनी वाजवल्या. आणि मग लोक उठू लागले. भांडण नाही, तंटा नाही. हात जोडून, हसून. ‘मॅडम, आज उपास आहे.’ ‘घरी पाहुणे आलेत.’ ‘डॉक्टरनं वांगं बंद केलंय.’ बेबीताई — विठ्ठलरावांच्या बाई — पानावर बसल्या होत्या, रोडगा वाढलेला होता. त्या उठल्या तसं त्यांच्या ओळीतल्या बायका उठल्या. थाळ्या तशाच. रोडग्यावरचं तूप गोठत गेलं.

सुरभी वाढत होती. हातात भाजीची बादली. तिच्या सासूने तिला खूण केली, चल. ती गेली नाही. वाढत राहिली. पण खाली मान घालून. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

शून्य कचरा मेळावा! उरलेलं अन्न टमटममध्ये घालून नगरात, तांड्यावर, स्टँडवर वाटलं. पायल आणि पोरं फिरत होती.

प्राचार्य सर जाताना म्हणाले, ‘कार्यक्रम कुठून कुठं नेला तुम्ही!’

घरी येऊन कॅलेंडर पाहिलं. आज कोणताच उपास नव्हता.

२४ डिसेंबर, बुधवार

पुढच्या महिन्याच्या थाळ्यांच्या नोंदी गळायला लागल्या. बारसं — ‘आम्ही केटररला सांगितलं.’ सत्यनारायण — ‘आता लहानच करतोय.’ चौकातल्या तेरवीवरून आज जात होते, थर्माकोल दिसलं. वाऱ्याने एक पत्रावळ उडून माझ्या गाडीच्या चाकात आली. थांबले, काढली, डिकीत ठेवली. तिथेच रडू आलं, भर रस्त्यात.

गाय काय जात विचारून प्लास्टिक खाते का!

१ जानेवारी, गुरुवार

आईशी धड बोलणं नाही. ती दिवसभर थाळ्या घासते. ज्या कोणी वापरल्या नाहीत, त्या थाळ्या! ‘अगं स्वच्छ आहेत,’ म्हटलं. ‘धूळ बसते,’ म्हणाली.

४ जानेवारी, रविवार

धम्मरत्नचा पुण्याहून फोन. माझा धाकटा भाऊ, त्याला सगळं सोपं दिसतं. ‘ताई, बंद कर ती बँक. त्यांच्या लग्नाचा कचरा त्यांना खाऊ दे.’

म्हटलं, कचरा त्यांच्या दारात नाही थांबत रे. धावंडा नदीत जातो.

‘मग तू नदी धू,’ म्हणाला.

१२ जानेवारी, सोमवार

विठ्ठलराव घरी आले. स्वतः!

पांढरं धोतर, वर जाकीट, हातात पिशवी. कधी आमच्या नगरात पाय ठेवला नव्हता. गल्लीतली पोरं मागे मागे आली. मी खुर्ची दिली. बसले. थाळ्यांचे रॅक डोळे भरून पाहिले.

‘मॅडम, तुमचं काम फार मोठं,’ म्हणाले. आवाज गोड, खरोखर गोड. ‘आम्हाले लाज वाटली. म्हटलं, एका बाईनं एवढं करावं आणि आपण प्लास्टिक जाळत बसावं? तर समाजानं ठरवलं. आमची पण थाळी बँक. सगळ्या स्टीलच्या. समाजाच्या एकाही कार्यक्रमात यापुढे पत्रावळ नाही. तुमचीच प्रेरणा.’

मी ऐकत होते. मला ‘अभिनंदन’ म्हणावं लागलं! म्हटलं मी!

‘फेब्रुवारीच्या एक तारखेला उद्घाटन. तुम्ही प्रमुख पाहुण्या. तुमच्या आईंना, सत्यभामाबाईंनाही आणा. आणि बँकेची अध्यक्ष आमची सुरभी.’

आईने चहा आणला. ‘आत्ताच घेऊन निघालो,’ म्हणाले. पोटावर हातही ठेवला. हात जोडून गेले.

आई कप घेऊन तशीच दारात उभी. चहावर साय धरली. मी म्हटलं, ‘बघ तुझी सुरभी! अध्यक्ष! अजून म्हण, कोणावर नाव घेऊ नये!’

आणि आई म्हणाली, ‘ठिपके मी लावले.’

मला नीट ऐकूच आलं नाही.

‘मी लावले वं. सुरभीनं नाही.’

कप खाली ठेवला. भिंतीला टेकून बसली आणि सांगत गेली. जसं बोलली तसं लिहिते.

‘गणपतीच्या आधी बेबीताई आलत्या. तू कॉलेजात होती. म्हणे, सत्यभामाबाई, थाळ्या तुम्ही आरशासारख्या ठेवता. पण आमच्याकडं जुनी माणसं आहेत, गौरी जेवतात घरात. आमच्या तेवढ्या येगळ्या ठेवल्या तर कोणाले काही बोलाले जागा नाही राहणार. नाही तर मंग सगळेच बंद करतीन. तुमच्या पोरीचं एवढं नाव झालं... असं म्हणे. हासून म्हणे. मी बाजारातून नेलपॉलिश आणली. बसली आणि लावले.’

‘कुठं बसून?’ मला तेवढंच सुचलं.

‘इथंच.’

‘फोटोखाली?’

‘फोटोखालीच. हात जोडले आधी. माफी मागतली.’

मी ओरडले. काय काय बोलले ते लिहिवत नाही. एवढं लिहिते, की ‘तुझ्यासारख्यांमुळेच हे चालतं’ असं मी माझ्या आईला म्हटलं.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘तू लहान होती. गावच्या शाळेत मी खिचडी शिजवे. मले कोणी हो म्हटलं ना नाही म्हटलं. पोट्टे फक्त घरून डबे आणू लागले. आज दोन, उद्या चार. मी शिजवे आणि खिचडीचा गंज भरला तसाच राहे. शेवटी मीच गेली नाही. तू थ्या मैदानात माइक धरून उभी राह्यशीन, आणि लोकं उठून जातीन — हे मले तवाच दिसलं होतं. मले ते पुन्हा नोतं पाहाचं. म्हून लावले.’

आणि सुरभी? ती त्या दिवशी पिशव्या न्यायला आली होती. आई ठिपके लावत असताना दारात उभी राहिली. आईने तिला शपथ घातली. साधनाला सांगशील तर माझं मेलेलं तोंड पाहशील.

म्हणजे खतखड्ड्याजवळ मी जे जे बोलले ते तिने सगळं ऐकून घेतलं. आणि घरी जाऊन नखं पुसली.

१३ जानेवारी, मंगळवार

आई आणि मी एका घरात. दोन कोपरे.

तिने भाकरी थापल्या, मी खाल्ल्या. एवढंच.

१५ जानेवारी, गुरुवार

सुरभीकडे गेले. संक्रांतीच्या वाणाची गडबड, बायका येत-जात होत्या. यंदा तिने कापडी पिशव्यांचं वाण लुटलं. मला गच्चीवर घेऊन गेली. तुरी वाळत घातल्या होत्या.

‘आईने सांगितलं,’ म्हटलं.

ती तुरीपाशी बसली. तुरीवरून हात फिरवला. मग म्हणाली, ‘बरं झालं. माझ्याने आता होत नव्हतं.’

‘तू मला का नाही—’

‘मावशींनी शपथ घातली. पण तेवढंच नाही गं. खरं सांगू? ठिपके होते तोवर माझ्या घरात शांतता होती. बेबीकाकूंची कटकट नव्हती. थाळ्याही जात होत्या, प्लास्टिकही बंद होतं, तूही खूश. शपथ मला सोयीचीच होती.’

मी माफी मागितली. तिने मान हलवली. पण काहीतरी राहिलंच मध्ये.

‘आणि अध्यक्ष?’

‘हो म्हटलं मी. मेळाव्यात सासूबाईंचं ऐकलं नाही, त्यानंतर घरात रोज तेच चाललंय. तू बोलत नव्हतीस. कॉलेजात एकटी, घरात एकटी. किती दिवस? हो म्हणून टाकलं.’

‘आता नाही म्हण.’

‘पत्रिका छापून झाल्या, साधना.’

खालून हाक आली. ती उठली. जिन्यात थांबून म्हणाली, ‘तू येऊ नकोस त्या दिवशी. तुला स्टेजवर बसवून मला त्या थाळ्या नाही दाखवता येणार.’

गाडी चालवत घरी आले, पण रस्ता कसा गेला ते आठवत नाही. ती वाईट नाही. आई वाईट नाही. विठ्ठलरावसुद्धा मला शिवी देऊन गेले नाहीत. सगळे किती चांगले आहेत! आणि दिग्रसमध्ये आता दोन थाळी बँका.

२२ जानेवारी, गुरुवार

आणखी एका समाजाने स्वतःच्या वेगळ्या थाळ्या घेतल्याचं कळलं. प्राचार्य सर खूश — ‘पाहा मॅडम, तुमच्या एका कल्पनेतून चळवळ उभी राहिली.’ अहवालात घालणार आहेत.

प्लास्टिक खरंच कमी होईल. हे मला हवं होतं. हेच हवं होतं ना?

२६ जानेवारी, सोमवार

पायलच्या तांड्यावर झेंडावंदनानंतर जेवण. पहिल्यांदा आपल्या थाळ्या गेल्या. तिच्या मायने, लालीबाईने, मला आधी वाढलं आणि मग तीच माझ्या समोर जेवायला बसली. फार बोलली नाही. ‘पुढच्या टायमाले पण देजा,’ एवढंच.

घरी येऊन आईला सांगितलं. पंधरवड्यात पहिल्यांदा स्वतःहून बोलले तिच्याशी. ती म्हणाली, ‘कोणत्या थाळ्या गेल्या?’ आणि मग तिच्याच लक्षात आलं, की आता ‘कोणत्या’ असं काही नाही. तोंडावर पदर धरला. मी तिच्याजवळ बसले. पण तिला जवळ नाही घेता आलं मला. अजून नाही.

३१ जानेवारी, शनिवार

उद्या उद्घाटन. मी जाणार नाही. आईला सांगितलं. ‘हं,’ म्हणाली. कपाटातून पांढरं लुगडं काढलं, पौर्णिमेला नेसते ते. ‘कशाला?’ तर म्हणे, ‘ऊन दाखवतो.’

१ फेब्रुवारी, रविवार

आई गेली होती उद्घाटनाला. एकटी, चालत. मी वाफ्याला पाणी घालत होते, मला कळलंच नाही.

तिथूनच पायलचा फोन आला, ती रडत होती की हसत होती ते समजेना. भाषणं झाली, माइकवर विचारलं, कोणाला दोन शब्द बोलायचे आहेत का? आई उठली. विठ्ठलरावांनी कौतुकाने वाट करून दिली. आई म्हणाली —

‘बेबीताईनं माह्या घरी येऊन सांगतलं, थाळ्या येगळ्या करा. मी केल्या. ठिपके म्या लावले. माहं चुकलं. माह्या पोरीसमोर चुकलं, बाबासाहेबांसमोर चुकलं. मी सगळ्यांसमोर सांगतलं. आता तुमचं काय चुकलं, थे तुम्ही सांगा. मी उभी आहो.’

आणि उभी राहिली. कोणी बोलेना. कोणीतरी माइक बंद करून गाणं लावलं. आई गाण्यातही उभीच. मग सुरभी अध्यक्षाच्या खुर्चीवरून उठली, खाली उतरली, आईचा हात धरला आणि सगळ्यांसमोरून चालत बाहेर घेऊन आली.

आता आई आत पडली आहे, भर दुपारी, गाढ झोपेत. सुरभी आमच्या ओट्यावर बसून आहे. घरी जायचं नाही, असं आईला म्हणाली.

आई आत आल्यावर लोटलेलं दार मी अजून उघडलेलं नाही. हे एवढं लिहिलं की उघडते.